पाठ टेकली नाही

कोल्हापूरला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या जळगावात जो तो पहिल्यांदा विचारतो, अंबाबाईचं दर्शन झालं ना? झालं. पण अगदी शेवटी, गाडीच्या आधी, घाईघाईत, आणि डोक्याला केशरी फेटा बांधलेल्या माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचा, शुभाचा, हात धरून. रांगेतल्या बायका देवीकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघत होत्या. एका आजींनी तर शुभाच्याच पाया पडायची तयारी केली होती. त्या फेट्याची हकीकत सांगायची तर सगळा प्रवासच सांगावा लागतो, म्हणून लिहायला बसले.

आमची शुभा जिम्नॅस्टिक्स करते. हे वाक्य मी नातेवाइकांत इतक्या वेळा बोलले आहे की आता पुढचे प्रश्नही पाठ झालेत. माझ्या मोठ्या नणंदेला अजून वाटतं की आम्ही मुलीला सर्कशीत घालणार आहोत. शाळेतल्या खेळाच्या कुलकर्णी सरांनी परदेशातल्या एका चिमुरड्या खेळाडूचा फोटो वर्तमानपत्रातून कापून फळ्याशेजारी लावला, आणि चौथीतली आमची मुलगी तो बघून घरी आली ती पलंगाच्या कडेवरून चालायलाच लागली. पलंग मोडण्यापेक्षा सुतार बरा, म्हणून तिच्या बाबांनी बाभळीचा एक लांब ओंडका तासून घेतला, खाली बुटके पाय ठोकले आणि अंगणात मांडला. हा आमचा बीम, तोल सांभाळत कसरती करायचा. वीतभरही रुंद नाही. शुभाच्या गुडघ्याला लागेल एवढी त्याची उंची. तिचा सराव नसेल तेव्हा मी त्यावर बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ताटं वाळवते.

खरा बीम मात्र तिच्या छातीएवढा उंच असतो. दिवाळीआधी नाशिकच्या स्पर्धेत ती त्यावरून पडली. लागलं काहीच नाही. ह्या खेळात पडलं म्हणजे संपलं असंही नाही, थोडे गुण कापतात आणि ठरावीक वेळात परत चढलं तर पुढचं सगळं करता येतं. शुभा चढली नाही. सगळा हॉल ओलांडून माझ्याकडे आली आणि मांडीत डोकं खुपसून बसली. सर हाका मारत होते, पंचांचं घड्याळ चालू होतं, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हापासून अंगणातल्या ओंडक्यावर ती सगळं करायची, पण शाळेतल्या उंच बीमजवळ गेली की तिला तहान लागायची, पोटात दुखायचं, बुटाची लेस सुटायची. ती तर अनवाणी खेळते.

तिचे बाबा एका रात्री म्हणाले, एक कोल्हापूरची स्पर्धा होऊ दे. ह्या वेळीही पडून परत चढली नाही तर बंद करू. पोरीला घाबरवून काय मिळवायचंय? मला ते पटलं. आम्ही हळू आवाजात बोललो होतो, पण आमच्या घरात हळू बोललेलंच नीट ऐकू जातं. दुसऱ्या दिवशी शुभा ओंडक्यावर बराच वेळ नुसती बसून होती. तिनं ऐकलंय हे मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही.

कोल्हापूर स्टेशन ते वस्तादांचं घर

सर आणि बाकीच्या दोन मुली एका शाळेत उतरले. आमची सोय इमामभाईंकडे होती. त्यांचा मुलगा सलीम शुभाच्या बाबांबरोबर वीज मंडळात नोकरीला आहे. त्यानं सांगितलं होतं, "वहिनी, अब्बा थोडे मोठ्यानं बोलतात. भांडतायत असं समजू नका." पुण्याला गाडी बदलून सकाळी आम्ही उतरलो तेव्हा फलाटावर पांढऱ्या मिशांचा, कान मोडलेला, दाराएवढा रुंद माणूस आमच्याच डब्यासमोर उभा होता. "जळगावचं पावणं न्हवं का?" अशी हाक त्यांनी दिली, आणि आमच्याखेरीज आणखी दोन-चार पावणे दचकून थांबले. नंतरच्या चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की इथं सगळेच असं बोलतात. भाजीवाली भाव सांगते तोही तालुक्याला ऐकू जाईल असा. आमच्याकडे एवढा आवाज चढला तर शेजारी भांडण सोडवायला येतात.

इमामभाई एका तालमीचे वस्ताद. तरुणपणी मोठमोठ्या कुस्त्या मारलेला माणूस. आता पोरांना शिकवतात. टांग्यात त्यांनी शुभाला आपल्याशेजारी बसवलं आणि विचारलं, तू कुठला खेळ खेळतेस? तिनं सांगितलं. त्यांना काही उमगलं नाही. मग तिनं उंची दाखवली, रुंदी दाखवली, आणि त्या एवढ्याशा लाकडावर कोलांटी मारायची म्हणून सांगितलं. वस्तादांनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि टांगेवाल्याला म्हणाले, घोडं जरा हळू घे, पैलवान बसलाय. तेव्हापासून ती त्यांच्या लेखी पैलवानच झाली.

आणि पैलवान म्हटल्यावर खुराक आला. वस्तादांच्या बायकोनं, रोशनचाचींनी, दारातच शुभाचे दंड चाचपले आणि कपाळाला हात लावला. भिजवलेले बदाम सोलून तयार होते, अंडी उकडत होती, खारकांची वाटी होती. सरांनी बजावलं होतं की स्पर्धेआधी हलकं खा. मी ते चाचींना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बदामांची वाटी जरा माझ्या नजरेआड सरकवली. शुभा आमच्याकडे वरण-भात पुढ्यात घेऊन तासभर बसते, पण इथं बदाम खाताना दिसली.

दुपारी तांबडा-पांढरा रस्सा. वाढताना चाचींची आणि शेजारच्या दोन बायकांची नजर माझ्या चेहऱ्यावर. कोल्हापुरी माणसाला पाहुण्याच्या डोळ्यांतलं पाणी बघायची फार आवड असते. आता मी खानदेशातली. आमच्याकडे मिरचीचा ठेचा तोंडी लावणं नसतो, ते जेवणच असतं. मी तांबडा रस्सा वाटीनं प्यायले आणि चांगला झालाय म्हणाले. चाची जरा हिरमुसल्या. "अगं, ही तर आपल्यावरची हाय," असं त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि त्यांच्या मनातला माझा मान वाढला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी घसरला. वस्ताद आम्हाला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेले. तिथं म्हशी रस्त्यातच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ, कोमट दूध तसंच पेल्यात देतात. माणसं रांगेनं पितात, मिशा पुसतात आणि कामाला जातात. न तापवलेलं दूध प्यायचं म्हणजे आमच्याकडे आजारपणच. शुभानं एक पेला पिऊन दुसरा मागितला. मी रश्श्यातल्या विजयाच्या तोऱ्यात होते, मीही दोन घेतले. त्या दिवशीची दुपार मी कशी काढली ते लिहीत नाही. चाचींनी ओव्याचं पाणी दिलं आणि त्यांचा चेहरा पुन्हा खुलला.

इथल्या बायकांचं एक मला फार गमतीचं वाटलं. त्या स्वतःबद्दल बोलताना "मी जातो, मी येतो" असं पुरुषासारखं म्हणतात. चाची दळण घेऊन निघाल्या की "मी आलो गं" म्हणून सांगून जायच्या. संध्याकाळपर्यंत शुभानं ते उचललं होतं. "आई, मी खेळायला जातो."

तालमीच्या उंबऱ्यापर्यंत

पोट जाग्यावर आल्यावर संध्याकाळी वस्तादांनी तालीम दाखवायला नेलं. दगडी बांधणी, बुटकं दार, आत अंधार आणि तेल-हळद-ताकाचा एक आंबूस वास. समोर मारुतीची शेंदरी मूर्ती. इमामभाई चपला काढून आत गेले, मारुतीपुढं वाकले, माती कपाळाला लावली आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, तुम्ही दोघी उंबऱ्याबाहेरच थांबा, बाईमाणसानं आत यायची पद्धत न्हाय. अगदी सहज म्हणाले. मला ते आवडलं नाही, आणि दुसऱ्याच्या गावात आवडलं नाही म्हणून सांगायचीही सोय नव्हती. शुभा मात्र उंबऱ्यावर हनुवटी टेकेल अशी बसली आणि डोळे फाडून बघत राहिली.

आत दोन मुलं झोंबत होती. त्यातला लहान चणीचा पहिल्यांदा गुडघ्यावर आला, मग पोटावर, मग मोठ्यानं त्याला उचलून आपटला तेव्हा कुशीवर. प्रत्येक वेळी शुभा "हरला" म्हणायची आणि प्रत्येक वेळी तो उठायचा. शेवटी तिनं वस्तादांना विचारलं, हा इतक्यांदा पडला, तरी ह्याला बाद का करत नाही?

वस्तादांना प्रश्नच कळेना. मग त्यांनी त्या मुलाला हाक मारून दारात आणलं. गुडघे, छाती, गाल, नाकाचा शेंडा, सगळं लाल मातीनं भरलेलं. त्यांनी त्याला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं. पाठ स्वच्छ होती. नुसता घाम.

"ही बघ," ते म्हणाले. "पाठ टेकली न्हाय. मग पडला म्हनायचं कशाला?"

शुभानं बोट पुढं करून त्या मुलाच्या पाठीला लावून बघितलं. तो लाजला आणि आत पळाला. मी सांगू पाहिलं की आमच्या खेळात तसं नसतं, पाऊल घसरून जमिनीला लागलं तरी गुण जातात. वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की मग तुमच्या पंचांना खेळ नीट समजावून सांगायला पाहिजे कुणीतरी. ते थट्टा करत नव्हते.

येताना त्यांनी खासबागेचं मैदान दाखवलं. कुस्त्या नव्हत्या, मोकळं होतं. खोलगट, चारी बाजूंनी वर चढत गेलेलं, मधोमध मातीचा चौथरा. शुभा बसायच्या उतारावरून खाली उतरून चौथऱ्याच्या काठापर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "आई, इथून तू एवढीशी दिसतेस." इथं हजारो माणसं बसतात म्हणून वस्ताद सांगत होते, आणि मी मनात नाशिकचा तो छोटासा हॉल आठवत होते, जिथं शंभरएक माणसांपुढं माझी मुलगी खेळ अर्धा सोडून आली होती.

पहिला दिवस, आणि रंकाळा

स्पर्धा एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होत्या. सकाळी निघताना एक छोटं प्रकरण झालं. शुभाचा खेळाचा पोशाख मीच शिवलेला, बनियनच्या कापडाचा, निळा. तो घालून ती बाहेर आली तशी चाचींचा हात तोंडावर गेला. एवढ्या माणसांपुढं पोरीनं असं जायचं? मला त्यांना काय सांगावं कळेना, कारण पहिल्यांदा शिवताना मलाही हेच वाटलं होतं. वस्ताद दाढी करत होते, ते आरशातूनच बोलले, "मी जल्मभर लंगोटावर गाव हिंडलो, तवा कोन बोललं न्हाय. तिनं काय घोडं मारलंय?" चाची आत गेल्या आणि आपली चांगली हिरवी शाल घेऊन आल्या. दोन खेळांच्या मध्ये ही अंगावर घ्यायची, असं ठरलं. ती शाल दोन्ही दिवस शुभाच्या अंगावर होती. थंडीचे दिवस होते, तेव्हा बरंच झालं.

त्या दिवशी जमिनीवरचा खेळ होता. शुभा नीट खेळली. कमानी नीट, कोलांट्या नीट, शेवटी जराशी डगमगली. मोठ्या शहरांतून आलेल्या मुलींचं बघून मी थक्क झाले. त्यांच्या आयांकडे थर्मास होते, मुलींना मऊ गाद्यांवरचा सराव होता, आणि त्या आया एकमेकींशी गुणांबद्दल असं बोलत होत्या की मला परीक्षेला अभ्यास न करता बसल्यासारखं वाटलं. एकीनं मला विचारलं, तुमच्याकडे बीम कुठल्या कंपनीचा आहे? मी म्हटलं, बाभळीचा.

संध्याकाळी चाचींनी आम्हाला रंकाळ्यावर नेलं. पाणी स्थिर होतं, काठावर भेळवाले, म्हशी धुऊन परतणारी माणसं. आमच्याकडे मेहरूणचा तलाव आहे, तिथं लोक फिरायला जातात आणि अंधार पडला की परततात. इथं अंधार पडल्यावर लोक यायला लागले. शुभा काठाच्या कठड्यावर चढली आणि हात पसरून चालू लागली. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. चाची ओरडणार होत्या, मी त्यांचा हात धरला. ती टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. मग माझ्याशेजारी बसून भेळ खाताना एकदम म्हणाली, "आई, उद्या पडले तर बंद ना?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "पडलीस म्हणून नाही. पडून परत चढावंसंच वाटलं नाही तर."

तिनं भेळेतला कच्चा कांदा वेचून बाजूला काढला. तिला बंद व्हायला हवं होतं की नको होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मला स्वतःला काय हवं होतं तेही खरं सांगायचं तर ठरत नव्हतं. ती उंचावर चढली की मला बघवत नाही, आणि ती खाली बसून राहिली की त्याहून बघवत नाही.

बीम

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉलवर पोचलो तर दारात गलका. वस्ताद आले होते, पण एकटे नाहीत. तालमीतली पंधरा-वीस मंडळी, स्वच्छ पांढरे सदरे, एकाच्या हातात नारळ, एकाच्या काखेत कापडात बांधलेलं काहीतरी, आणि एकाच्या गळ्यात चक्क हलगी. आपल्या तालमीच्या पाहुण्या पैलवानाची कुस्ती, आणि हलगी नाही, हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. आयोजक काकुळतीला आले. शेवटी हलगीवाल्याला बाहेर आंब्याखाली बसवायचं आणि बाकीच्यांनी आत गप्प बसायचं असा तह झाला. गप्प म्हणजे काय ह्याबद्दल दोन्ही बाजूंची समजूत वेगळी होती. मला सरांकडे बघवेना. शहरातल्या त्या आया आपापले थर्मास जवळ ओढून बसल्या.

शुभाचं नाव पुकारलं. तिनं शाल माझ्याकडे दिली.  बीमजवळ जाऊन उभी राहिली, आणि मला वाटलं आता हिला तहान लागणार. पण ती चढली. पहिली चाल झाली, एका पायावर तोलून मागचा पाय वर उचलणं झालं.  मग कोलांटी. ओंडक्यावर तिनं ती शेकडो वेळा केली असेल. डोकं लाकडाला लागलं, पाय वर गेले आणि तिरके खाली आले. ती कडेनं घसरली आणि गादीवर दोन्ही पायांवर उभी राहिली.

 पंच मान खाली घालून लिहायला लागले. घड्याळवाल्यानं बटण दाबलं. आणि शुभानं मान वळवून नेमकं माझ्याकडे बघितलं. नाशिकला जसं बघितलं होतं, तसंच. मला कळलं की आता ती येणार. मी मांडीवरची शाल बाजूला ठेवलीही. माझे हात आपोआप पुढं व्हायला लागले होते, ते मी एकमेकांत घट्ट धरून ठेवले. आयुष्यात एवढं अवघड काही केल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. वस्ताद उभे राहिले होते. पंच लिहितायत हे बघून त्यांची समजूत झाली होती की पोरीला हरलेली ठरवतायत.

"ओ बाई," ते मुख्य पंचांना उद्देशून, खासबागेच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हरली म्हनून काय लिवताय? पाठ कुठं टेकलीया? पोरगी पायावर हुबी हाय की. कुस्ती चालू हाय."

"व्हय व्हय, आमी बघितलंय," मागून सगळी तालीम बोलली.

मुख्य पंच एक काटक बाई होत्या. चष्मा वर करून त्यांनी बघितलं, आणि प्रेक्षकांनी शांत राहावं असं त्यांनी कडक आवाजात सांगितलं. वस्ताद बसले नाहीत. त्यांनी हात वर करून शुभाला फिरायची खूण केली, त्या मुलाला दारात फिरवलं होतं तशी.

आणि माझ्या मुलीनं काय करावं? तिनं हात मागं नेऊन स्वतःची पाठ चाचपली. मग हात पुढं आणून तळवा बघितला. अगदी मन लावून बघितला. तिथं माती कुठून असणार? पण तिचा चेहरा असा झाला की जणू गणिताचं उत्तर बरोबर आलंय. ती हसली, वळली, बीमवर हात ठेवले आणि चढली.

घड्याळात वेळ शिल्लक होता. पुढचं सगळं तिनं केलं. काही चांगलं, काही डळमळीत. वळताना एकदा इतकी हलली की मागच्या बाकावरून कुणीतरी "सांभाळ" म्हणालं आणि त्याला चार जणांनी गप्प केलं. शेवटी उतरायची उडी. उडी उंच होती, पण अंग मागं पडलं. पाय टेकले आणि ती तोल जाऊन उताणी पडायला लागली. कुठलीही मुलगी अशा वेळी सरळ मागं बसते, गुण जायचे तेवढे जातातच. शुभानं मात्र हवेतच अंग पिळलं आणि मांजरासारखी पालथी पडली. गुडघे, हात, हनुवटी, सगळं गादीला. पाठ वर.

कुलकर्णी सरांनी डोक्याला हात लावला. तीन वर्षांत त्यांनी असलं काही तिला शिकवलं नव्हतं. पंचांनी पुन्हा गुण कापले. आणि मागच्या बाकांवर जो आवाज उठला, तो मी गणपती विसर्जनातही ऐकलेला नाही. तो ऐकून बाहेरच्या हलगीवाल्याला वाटलं कुस्ती मारली. त्यानं आंब्याखाली हलगी कडाडवायला सुरुवात केली, ती थांबवायला दोन शिपाई धावले. मुख्य पंच बाई कागदाआड तोंड लपवून हसत होत्या, हे मी पाहिलं.

शुभा उठली, पंचांना रीतसर नमस्कार केला आणि सरळ माझ्याकडे आली. मांडीत डोकं घातलं नाही. शाल अंगावर घेतली आणि म्हणाली, "पाणी दे." मला रडू फुटलं. बीमची कंपनी विचारणाऱ्या त्या शहरातल्या आईनं थर्मासमधला गरम चहा मला दिला, आणि मी तो न लाजता प्यायले.

फेटा

निकाल लागला. शुभा शेवटून चौथी. सरांनी मला समजावून सांगितलं की दोनदा पडल्यावर ह्याहून जास्त मिळणं शक्य नव्हतं. वस्तादांनी निकाल ऐकून घेतला आणि तो बाजूला ठेवला. त्यांच्या मते लाकडानं पोरीला खाली आणलं, पण पाठ लावता आली नाही, तेव्हा कुस्ती बरोबरीत सुटली. आणि बरोबरीत सुटली तरी पैलवानाला फेटा बांधायची रीत आहे.

परत तालमीच्या दारात गेलो. मला वाटलं होतं, आज तरी तिला आत नेतील. तसं झालं नाही. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. वस्ताद आत गेले आणि मूठभर लाल माती घेऊन बाहेर आले. तिच्या कपाळाला लावली, मग माझ्याही. कापडात बांधलेलं ते केशरी गाठोडं उघडलं आणि स्वतः फेटा बांधला. तिचं डोकं लहान, फेटा मोठ्या माणसाचा, कान झाकले गेले. नारळ हातात दिला. हलगीवाल्याची सकाळची हौस राहिली होती, ती त्यानं तिथं भागवून घेतली. चाची गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, त्यांनी बोटं मोडून दृष्ट काढली आणि मला हळूच विचारलं, पोरगी नीट जेवली का दुपारी?

फेटा काही तिनं उतरवू दिला नाही. देवळात तसाच, टांग्यात तसाच, गाडीतही तसाच. पुण्याला गाडी बदलताना एका गृहस्थांनी विचारलं, लग्नाला गेला होता वाटतं. शुभा म्हणाली, "नाही, कुस्तीला."

जळगावला तिचे बाबा उतरवून घ्यायला आले होते. फेटा बघून त्यांना वाटलं पहिला नंबर आला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला सांगवेना. शुभानंच सांगितलं. शेवटून चौथी, दोनदा पडले. मग जरा थांबून म्हणाली, परत चढले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी सामान सायकलरिक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून घासल्याचे, ओढल्याचे आवाज आले म्हणून मी खिडकीतून बघितलं. ओंडक्यावरची बिबड्यांची ताटं खाली उतरवलेली. बाबा एका बाजूनं ओंडका उचलून धरतायत, आणि शुभा न्हाणीघराच्या मागून विटा आणून पायांखाली रचते आहे. एक थर झाला, दुसरा झाला. बाबा म्हणाले, पुरे आता. ती म्हणाली, अजून. ओंडका तिच्या छातीशी आला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी हलवून बघितला.

"आई," तिनं खिडकीकडे न बघताच हाक मारली, "मी चढतो."

 मी थांब म्हणाले, आतल्या खोलीत गेले, आमच्या दोघांच्या अंथरुणातल्या जाड गाद्या ओढत अंगणात आणल्या आणि ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पसरल्या.